जागा बदलणारा रंग

"थांबा! अहो मावशी, ते कणीस भाजू नका!"

शहागंजच्या घड्याळाखाली आवाज पोचवायचा म्हणजे रिक्षांचे हॉर्न, चपलांचा भाव ओरडणारे आणि वरून भाद्रपदाची भुरभुर, या सगळ्यांवर मात करावी लागते. प्रेरणाने ती केली. चार माणसं वळून बघायला लागली. कणसाच्या गाडीमागे बसलेल्या आवडाबाईंचा पंखा हातातच थांबला. आणि ज्याच्यासाठी ते कणीस निखाऱ्यावर चढलं होतं, तो निळ्या शर्टातला उंच तरुण तिच्याकडे असा बघत राहिला, जणू त्याच्या ताटातली भाकरीच कुणी उचलली.

उचललीच तिने! सरळ निखाऱ्यात हात घातला आणि कणीस बाहेर काढलं. मग चटका बसला तसं या हातातून त्या हातात नाचवत, फुंकर घालत, ती ते निरखू लागली. एका अंगाचे दाणे काळे पडले होते. दुसऱ्या अंगाचे मात्र अजून कच्चे होते. पांढरेशुभ्र, आणि त्यांवर जांभळे ठिपके. कुठे टाचणीच्या टोकाएवढे, कुठे अर्धा दाणा भरून.

"मॅडम," तो तरुण शांतपणे म्हणाला, "ते कणीस माझं हाय."

"मला माहीत आहे. पण मला ते हवंय."

"मलाबी हवंय. लिंबू-मीठ लावून."

"तुम्ही दुसरं घ्या ना! एवढा ढीग पडलाय."

"ते समदं कवळं हाय. मला जून लागतं. दाताला काम पाह्यजे."

"अहो, पण याचे ठिपके तर बघा—"

"पायले की. म्हणून तर हेच उचललं."

आता मात्र प्रेरणाने मान वर केली. दीडदोनशे कणसांच्या ढिगातून, सोलायच्याही आधी, हेच? तिने विचारलं तसं त्याने खांदे उडवले. सालाला जरा फट होती, त्यातून दिसलं, म्हणाला. मग आपली ओळख सांगितली. नाव अंगद. बियाण्याच्या प्लॉटांवर भेसळ काढायचं काम. एकरभर पिकात दुसऱ्या वाणाचं एक ताट उभं असलं, तरी ते त्याला बांधावरून दिसतं. दिसलं की उपटायचं, हीच त्याची नोकरी.

"कामावर असतो तर फेकलंच असतं हे. आज सुट्टी हाय. म्हणून खाणार व्हतो."

आवडाबाई फिस्सकन हसल्या. "दे रे बाबा तिला. पोरीनं हात भाजून घेतला बघ."

"देतो. पण फुकट नाय." अंगद म्हणाला. त्याचे डोळे हसत होते, आवाज मात्र हसत नव्हता. "ह्याच्यात एवढं काय हाय, ते सांगायचं. मला पटलं, तर कणीस तुमचं."

मग शेजारच्या दुकानाच्या ताडपत्रीखाली, छत्री मिटवून, बोटांवर फुंकर घालत प्रेरणाने त्याला ते सांगितलं. तीन वर्षं ती हेच शिकत होती, आणि ऐकणारे बहुतेक दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघायचे. म्हणून तिने घाईघाईने सुरुवात केली. दाण्याच्या प्रत्येक पेशीत त्या झाडाचा सगळा आराखडा असतो. त्यातले काही तुकडे भटके असतात, एका जागी बसत नाहीत. उठतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. असा एखादा रंगाच्या जनुकात घुसला, की रंग बंद. दाणा पांढरा. मग दाणा वाढताना एखाद्या पेशीतून तो उठून गेला, तर तिथून पुढे त्या पेशीच्या सगळ्या लेकरांना रंग परत मिळतो.

"लवकर उठला तर मोठा डाग. उशिरा उठला तर टिंब."

अंगदने घड्याळ बघितलं नाही. त्याने कणीस तिच्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि हळूहळू फिरवलं.

"म्हंजी हा डाग... तो इथून उठून गेल्याची खूण हाय?"

"हो."

"अशे किती असतात मक्यात?"

"शंभरातला ऐंशीच्या वर भाग अशाच तुकड्यांचा. बहुतेक झोपलेले असतात. एखादाच जागा."

"ऐंशी!" तो बघतच राहिला. "मंग मॅडम, मक्यात मका कुठंय?"

प्रेरणाच्या अंगावर काटा आला. पहिल्या वर्षी हाच प्रश्न तिला पडला होता, आणि तो कुणाला विचारायची तिला लाज वाटली होती. इथे हा माणूस भर बाजारात तो विचारून मोकळा झाला होता.

कणीस तिला मिळालं. "पटलं का?" तिने विचारलं तर म्हणतो, "अर्धं. उरलेलं अर्धं पेराल तवा बघू." आणि स्वतःचा नंबर तिच्या फोनमध्ये स्वतःच टाकून तो गर्दीत गेला. कणीस न खाताच.

प्रेरणा लासूर स्टेशनची, कांदा-मका पिकवणाऱ्या घरातली. शहरात छावणीत खोली घेऊन राहायची आणि वनस्पतिशास्त्रात संशोधन करायची. परदेशातलं ठिपक्यांचं बियाणं मागवता आलं असतं, पण तिचा हट्ट होता की आपल्याच मातीत असा जागा भटका सापडला पाहिजे. तीन वर्षं सापडला नव्हता. तिचे मार्गदर्शक सुदर्शन सर भला माणूस, पण त्यांनीही आता हात टेकले होते. "मार्चपर्यंत ठिपके पुढच्या पिढीत उतरलेले दाखव," ते म्हणाले होते, "नाहीतर विषय बदलू. पर्याय नाही." म्हणजे तीन वर्षं पाण्यात. आता त्या अर्धवट भाजलेल्या कणसावर सगळी भिस्त होती.

पडेगावच्या पुढे, जिथून देवगिरीचा किल्ला ढगात टोपी घातल्यासारखा दिसतो, तिथे तिला दोन गुंठ्यांचा तुकडा मिळाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिने पांढऱ्या मक्याच्या चार ओळी पेरल्या. हा मका असा, की त्याच्यावर ठिपके उठले तर समजायचं, भटका इथवर पोचला. आठ दिवसांनी मधोमध त्या कणसाचे एकोणीस कच्चे दाणे पेरले. तीनच उगवले.

अंगद पहिल्या रविवारी "सहज" आला. दुसऱ्या रविवारीही सहजच. तिसऱ्या रविवारी त्याने कारण सांगायचं सोडून दिलं, आणि प्रेरणाने डब्यात दोन चपात्या जास्त आणायला सुरुवात केली. दोघांनाही वाटत होतं की आपण मक्यासाठी येतो. वाटू द्यावं, माणसाला धीर येतो.

तो तिला बघायला शिकवायचा.

"पानावर नजर नाय ठेवायची. ओळीवर ठेवायची, सैल. जे येगळं असतं ते आपसूक डोळ्यात घुसतं."

"असं?" प्रेरणाने ओळीवरची नजर न काढता विचारलं, "मग मी तुमच्या डोळ्यात कधी घुसले?"

मागे खुरपं पडल्याचा आवाज आला.

"शहागंजात... म्हंजी, लाल वढणी व्हती ना तुमची. लांबून दिसती ती."

"ओढणी?"

"व्हय. वढणीच." आणि तो पाण्याची पाळी बदलायला असा पळाला की एक चप्पल चिखलातच राहिली.

डिसेंबरात त्या तीन ताटांतल्या एकाने रंग दाखवला. दोन चांगली हिरवीगार, छातीला लागलेली. तिसरं कमरेएवढंच राहिलं आणि त्याच्या पानांवर पांढरट पट्टे उमटले. प्रेरणाला आनंदाने झोप येईना. हिरव्या दोघांत भटका गप्प झाला होता. या बुटक्यात तो जागा होता, पानापानावर चालल्याच्या खुणा सोडत. सगळं काही आता या एका ताटात होतं. तुरा आला की त्यावर कागदी पिशवी चढवायची, आतले परागकण गोळा करायचे आणि पांढऱ्या मक्याच्या कणसांच्या केसांवर हाताने झटकायचे, असं तिचं ठरलं होतं. तुऱ्याला अजून दहा दिवस आहेत, असा तिचा हिशेब होता.

मध्येच भावाचं लग्न निघालं. सोमनाथदादाच्या लग्नाला सख्ख्या बहिणीने आठ दिवस आधी नको जायला? निघायच्या रविवारी ती वावरात आली तेव्हा अंगदला पट्ट्यांचं सांगायचं, हे डोक्यात पक्कं होतं. पण तो बांधावर बसलेला होता, ऊन कोवळं होतं, आणि बोलणं दुसरीकडेच गेलं. मक्याचा पूर्वज कसा होता, ते त्याने विचारलं.

"गवत होतं. दूर, समुद्रापलीकडे. झुडपासारखं पसरलेलं, बोटाएवढी कणसं, त्यात दहा-बारा दाणे, दगडासारखे. हजारो वर्षांपूर्वी एक भटका तुकडा आला आणि एका जनुकाच्या शेजारी बसला. आत घुसला नाही, नुसता शेजारी. त्याच्या बसण्यानं त्या जनुकाला असा जोर आला, की फांद्या थांबल्या आणि एकच दांडा सरळ वर गेला. मग माणसांनी त्यातली चांगली चांगली ताटं निवडली... आणि आज आपण भाकरी करतो."

अंगदने बांधावरची मूठभर माती उचलली.

"आमची मेंढरं अशीच बसत्यात," तो म्हणाला. "माय-बाप अजून कळप घेऊन हिंडतात. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर. कुणाच्या वावरात दोन राती, कुणाच्या चार. लोक म्हनतात, आले भटके. पण जिथं मेंढरं बसली ना, तिथं म्होरल्या साली पीक डोक्याच्या वर जातं. वावरवाला म्हनतो, माझं बियाणं चांगलं." तो हसला. "आमचं नाव कुठं नसतं. पण त्या पिकात आमी असतो."

प्रेरणाने किती पुस्तकं वाचली होती! त्यांतल्या एकानेही तिला हे इतकं नीट सांगितलं नव्हतं. समोर चार ओळी मका, त्यामागे किल्ला, आणि या सगळ्या हिरव्या पसाऱ्यात न दिसणारी किती बिऱ्हाडं उठत-बसत गेली असतील, युगानुयुगं... तिला एकदम फार लहान आणि फार सुखी वाटलं. तिने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. लासूरची गाडी निघायला अर्धा तास उरला तरी दोघं उठली नाहीत.

शेवटी धावतपळत जाताना ती एवढंच म्हणाली, "सांभाळा हं सगळं!"

"डोळ्यात तेल घालून," तो म्हणाला.

आणि त्याने सांभाळलं. त्याच्या पद्धतीने.

लग्न उरकून पुढच्या सोमवारी, हातावरची मेंदी उतरायच्या आत, प्रेरणा वावरात उभी होती आणि मधल्या ओळीत दोनच ताटं होती. तिसऱ्याच्या जागी मूठभर मोकळी माती.

"ते रोगट व्हतं," अंगद तिच्या चेहऱ्याकडे बघून अडखळला. "बुटकं, पट्ट्याचं... भेसळच की. चांगल्या दोघांना नासवलं असतं. म्हणून बिस्तरवारी—"

"गुरुवारीच? कुठे आहे ते?"

"मायकडं नेलं. कोकरानं... खाल्लं."

एरवी ती पोट धरून हसली असती. आता तिने ती मोकळी माती बोटांनी उकरून पाहिली. "तेच हवं होतं मला! त्या एकाच ताटात होतं सगळं! तुम्हाला वेगळं काही दिसलं की उपटायचंच सुचतं का?"

त्याचं तोंड उतरलं. काहीतरी सांगायला ओठ उघडले... आणि पुन्हा मिटले.

"या वावरात परत येऊ नका," प्रेरणा म्हणाली.

तो गेला. तिने उरलेल्या दोन ताटांचे कोवळे तुरे फुटायच्या आत त्यांवर पिशव्या चढवल्या. त्यांचा एक कणही बाहेर जायला नको, एवढी शिस्त हाताला होती. मग बांधावर बसून ती रडली. आधी ताटासाठी. नंतर कशासाठी, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

जानेवारी गेला. ती आता रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या वारी जायची, आणि दर वेळी ओळींना पाणी दिलेलं असायचं, तण काढलेलं असायचं. कोण येऊन जातं, ते कळायला संशोधन करावं लागत नव्हतं. तिला त्याचा राग येत होता. आणि त्याची आठवणही येत होती, रागाहून जास्त येत होती. खरं सांगायचं तर डब्यातल्या जास्तीच्या दोन चपात्या अजून बंद झाल्या नव्हत्या. त्या ती परत आणून छावणीतल्या गाईला घालायची.

फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला.

"मॅडम... कणसं वाळली. रानडुकरं सुटायच्या आत खुडून घ्या."

"एकटीनं होणार नाही," प्रेरणा म्हणाली. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला, पण तो ठेवल्यासारखा राहीना. "या मग."

दोघांनी खुडलं. तो ओळीच्या त्या टोकाला, ती या टोकाला. ढीग मधोमध पडला आणि दोघं समोरासमोर बसून सोलायला लागली, न बोलता. पहिल्या ओळीची कणसं पांढरी. दुसरीची पांढरी. पांढऱ्या मक्याला पांढरे दाणे येणार, त्यात नवल ते काय. सरांना उद्या सांगायचं, विषय बदलू या. प्रेरणाने मनात वाक्यही तयार केलं होतं.

मग त्या मोकळ्या जागेला लागून असलेल्या ओळीतलं एक कणीस तिने सोललं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

पांढऱ्या दाण्यांच्या मधोमध एक दाणा होता. त्यावर पाच जांभळे ठिपके.

साल खाली ओढली. आणखी दोन. पुढच्या कणसात चार. त्याच्या पुढच्यात एक, पण तो एक असा, की बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ठिपका नाही, डाग नाही. सगळाच्या सगळा जांभळा, ओल्या द्राक्षासारखा. या दाण्यातून भटका अगदी सुरुवातीलाच उठून गेला होता. हा पेरला तर पुढचा जांभळा, त्याच्या पुढचाही. एका न दिसणाऱ्या पावलाने नवा रंग जगात आला होता आणि तो तिच्या तळहातावर होता.

"अंगद," ती कुजबुजली. "हे बघा... अहो, बघा ना!"

तो गुडघ्यांवर सरकत आला. बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"पण हे आलं कसं?" प्रेरणाच बोलत सुटली. "दुसऱ्या दोघांचे तुरे तर मी बांधले होते. म्हणजे हे त्या पट्ट्यांच्या ताटाचंच! म्हणजे तुम्ही उपटलं तेव्हा..." ती थांबली. "त्याचा तुरा फुटला होता?"

अंगदने मान खाली घातली.

"सांगा ना!"

"फुटला व्हता. भुकटी उडत व्हती. आन ह्या पांढऱ्यांचे केस बाहेर आल्याले. म्या पायलं आन तवाच्या तवा उपटलं."

"आणि हे मला सांगितलं नाहीत? अहो, तेवढं एक वाक्य बोलला असतात तर मी दोन महिने—"

"कसं बोलणार?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "आमच्या कामात भेसळीचा तुरा फुटू देणं म्हंजी... नाकच कापलं जातं. समदं वावर बाद. म्या आठ वर्सांत एक तुरा फुटू दिला नाय. तुमी उपटल्यावरनं एवढ्या चिडल्या, म्हणलं हे कळलं तर तोंडबी बघणार नाय."

प्रेरणा त्याच्याकडे बघत राहिली. जे कळलं असतं तर ती तिथल्या तिथे नाचली असती, ते हा माणूस लाजेने दोन महिने पोटात घेऊन पाणी देत फिरत होता!

"पण तुम्हाला बांधावरून दिसतं," ती हळूच म्हणाली. "गुरुवारी भुकटी उडत होती, म्हणजे तुरा रविवारीच वर आला असणार. तुम्ही इथेच होतात. कसा नाही दिसला?"

तो हातातली साल मोडत राहिला.

"अंगद?"

"त्या इतवारी," तो मातीकडे बघत म्हणाला, "म्या मक्याकडं बघतच नव्हतो."

वाऱ्याने वाळलेली पानं सळसळली. प्रेरणाने पिशवीतून संशोधनाची वही काढली. रोजच्या रोज, झाडागणिक, काय दिसलं ते लिहायची वही. तीन वर्षांत कामाचा एकही दिवस कोरा राहिला नव्हता. तिने पानं उलटली आणि तिचे कान गरम झाले. त्या रविवारची तारीख होती. तारखेखाली काहीच नव्हतं.

तिने पेन उघडलं. आजची तारीख घालून त्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहिल्या, खाली आपलं नाव घातलं आणि वही त्याच्यापुढे धरली. अंगदने एकेक शब्द जुळवत मोठ्याने वाचलं.

"‘त्या दिवशी तुरा वर आल्याची नोंद राहून गेली. कारण... मी अंगदकडे बघत होते.’"

तो वाचून थांबला. पुन्हा वाचलं, या वेळी मनात. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तो लाल होत गेला.

"प्रेरणा..." मॅडम कुठेतरी गळून पडलं होतं. "ही वही सर वाचतात ना?"

"पान न् पान."

"मंग?"

"मग काय? वहीत खरं तेच लिहायचं असतं." तिने पेन त्याच्या हातात दिलं, आणि हात लगेच काढून घेतला नाही. "खाली सही कर. साक्षीदार म्हणून."

अंगदने पेन धरलं. तिने दाखवलेल्या जागेकडे बघितलं आणि मान हलवली.

"साक्षीदार कसला? म्या तर ह्यात सामील हाय."

आणि खालची जागा तशीच सोडून त्याने तिच्या नावाच्या शेजारी आपलं नाव लिहिलं.